गच्चीवरची वीस मिनिटं

मंजुळाबाईंना दिवसातून चार-पाच वेळा गाईच्या धारेची आठवण व्हायची. गाय विकून बावीस वर्षं झाली होती आणि गंगापूरकडचं गाव सोडून पाच. तरी दुपार कलली की त्या बजाजनगरातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात चरवी शोधत फिरायच्या. सून म्हणायची, "आत्याबाई, धार झाली काढून. दूध तापलंय." कधी ते त्यांना पटायचं. कधी नाय. न पटलं की त्या दाराची कडी खडखडवायच्या, अन् सुनेला विचारायच्या, "तू कोणाची गं? आमच्या घरात काय करतीस?"

सुनेचं नाव दीपमाला. वय त्रेचाळीस. नवरा रामेश्वर वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर, मुलगी पुण्यात शिकायला. गावाकडची जमीन वाट्यानं दिलेली. बाहेरून बघणाऱ्याला हे बरं चाललेलं घर होतं. पण डॉक्टरांनी सासूबाईंना विसरण्याचा आजार आहे म्हणून सांगितलं त्याला तीन वर्षं झाली होती, आणि त्या तीन वर्षांत दीपमाला एका लग्नाला गेली नव्हती की माहेरी दोन दिवस राहिली नव्हती. सासूबाईंना न्हाऊ घालणं, भरवणं, दिवसातून तीनदा लुगडं बदलणं हे सगळं ती करायची. रामेश्वर वाईट नवरा नव्हता. तो आईसाठी फळं आणायचा, औषधं आणायचा, आणि तिच्या खोलीत वास आला की दीपमालाला हाक मारायचा.

एका दुपारी मंजुळाबाईंनी वरणाचं ताट भिंतीवर फेकलं. दीपमालानं त्यांचा दंड धरला आणि त्यांना खाली बसवलं. संध्याकाळी लुगडं बदलताना तिनं पाहिलं, दंडावर चार बोटं उमटली होती. तिची स्वतःची बोटं. रामेश्वरच्या नजरेला पडू नयेत म्हणून तिनं सासूबाईंना लांब बाह्यांचं पोलकं घातलं, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली.

त्याच आठवड्यात शेजारच्या बाईनं तिला देवळामागच्या सभागृहात नेलं. तिथं मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सत्यभामाबाई बायकांना ध्यान शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे काय, तर बारा-पंधरा बायका सतरंजीवर बसायच्या आणि सत्यभामाबाई गुडघ्यांमुळं प्लास्टिकच्या खुर्चीवर. त्या तीस वर्षं नर्स होत्या. आवाज वॉर्डात हाका मारून घोगरा झालेला. आपल्याबद्दल त्या लपवून काही ठेवत नसत.

"मी तीन शिबिरं केली," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "एकातून तर चौथ्या दिवशी पळून आले. पाठ ताठ ठेवा म्हणायचे, हलू नका म्हणायचे. मला वाटायचं, आपल्याच्यानं व्हायचं नाय, आपल्यातच काहीतरी खोट आहे. मग एक दिवस घरी भिंतीला टेकून बसले. खोट असंल तर असंल म्हटलं. तिला घेऊनच बसले. तवापासून बसती आहे. तर इथं कुणी चांगलं व्हायला आलं असंल तर तसं काही व्हत नाय. जशा आलात तशा बसा. डोळे मिटावं वाटलं तर मिटा. झोप लागली तर झोपा, झोपेची गरज असंल."

दीपमालाला पहिल्या तीन वेळा झोपच लागली. कुणी तिला उठवलं नाही. चौथ्या वेळी झोप आली नाही, राग आला. सगळ्या बायका गेल्यावर ती मागं थांबली.

"मला सासूचा राग येतो," ती म्हणाली. "बसलं की तोच येतो. दुसरं काही येतच नाही."

"येऊ द्या. हाकलू नका, अन् त्याच्या नादी पण लागू नका. राग आला, एवढंच म्हणायचं."

"आणि हात लागला तर?"

सत्यभामाबाईंनी तिच्या हातांकडं पाहिलं. "लागला का?"

"दंड धरला. वळ उठले."

"मग तो हात पण तुमचाच. दुसऱ्या कुणाचा म्हणू नका. पण उद्या असा धरू नका." त्यांनी खुर्चीचा हात धरून स्वतःला उठवलं. "बसा रोज. वीस मिनिटं लई झाली."

दीपमाला रोज बसू लागली. रामेश्वर पहिल्या पाळीहून साडेतीनला घरी यायचा, चहा घ्यायचा. साडेचारला ती गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसायची. जाताना म्हणायची, "वीस मिनिटं बघा फक्त आत्याबाईंकडं." तो मोबाइलवरची नजर न काढता "हं" म्हणायचा.

फार काही घडलं नाही. मन शांत झालं का असं तिला कुणी विचारलं असतं तर तिनं नाही म्हणून सांगितलं असतं. मन भाजीपासून मुलीच्या फीपर्यंत आणि तिथून सासूबाईंच्या शिव्यांपर्यंत हिंडून यायचं. पण ती आता त्याला धरून आपटत नव्हती. सासूबाईंनी कडी खडखडवली की आधी तिचं डोकं तापायचं, आता राग आला हे तिला कळायचं, आणि कळेपर्यंत हात थांबलेला असायचा. एकदा मंजुळाबाईंनी विचारलं, "तू कोणाची गं?" तेव्हा ती म्हणाली, "कोणाची नाय. धार काढायला ठेवलीय मला." मंजुळाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हात धुऊन घे मग." दीपमाला त्या दिवशी कितीतरी वेळ हसत होती.

मार्चअखेरची गोष्ट. ऊन तापायला लागलं होतं. ती नेहमीसारखी वर गेली, नेहमीसारखं सांगून गेली, खालून नेहमीसारखं "हं" आलं. त्या दिवशी तिचं बसणं कधी नव्हे इतकं चांगलं लागलं. श्वास येत होता, जात होता. कुठूनतरी फोडणीचा वास आला आणि गेला. मग खालच्या लोखंडी गेटचा कर्र आवाज आला. सत्यभामाबाईंनी सांगितलं होतं, आवाज आला तर आवाज आला, त्याच्यामागं जायचं नाही. ती त्याच्यामागं गेली नाही.

डोळे उघडून खाली आली तेव्हा रामेश्वर कानात वायरी घालून कॉटवर आडवा होता. आतली खोली रिकामी होती.

मंजुळाबाई नगर रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. हातात चरवी नव्हती म्हणून कुणाच्या तरी ओट्यावरचा डबा घेतलेला. एका मोटारसायकलच्या धक्क्यानं त्या पडल्या. गाडी चालवणारा पोरगा पळून गेला नाही, त्यानंच लोक गोळा केले. अँब्युलन्स छावणीतून शहराकडं निघाली तेव्हा दीपमाला त्यांचं डोकं मांडीवर धरून बसली होती आणि त्या तिला म्हणत होत्या, "वासरू सुटलं गं. सगळं दूध पिऊन टाकील."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या व्हरांड्यात रामेश्वरची मोठी बहीण सुरेखा पोहोचली तेव्हा पहिला प्रश्न तिनं भावाला विचारला, "आई एकटी बाहेर गेलीच कशी?"

रामेश्वर भिंतीकडं बघत म्हणाला, "ही वर गच्चीवर ध्यानाला बसली होती."

वाक्य खोटं नव्हतं. दीपमाला तिथंच उभी होती. 'आणि तुम्ही खाली होता' हे शब्द तिच्या तोंडाशी आले. पण तिच्या कानात तो गेटचा आवाज अजून वाजत होता. तो आपण ऐकला होता. ऐकून सोडून दिला होता. त्याच्यापुढं नवरा खाली होता की नव्हता याला काय किंमत होती.

मंजुळाबाई एकोणीस दिवस होत्या. छातीत कफ झाला, मग ताप, मग त्यांनी तोंड उघडणं सोडलं. दीपमाला एकोणीसही दिवस दवाखान्यात होती. गेल्या तेव्हाही तीच जवळ होती, आणि त्यांचे डोळे तिनंच मिटले.

दहावा, तेरावा गावी झाला. मांडवात बायका गटागटानं बसलेल्या. दीपमाला जिकडून जाईल तिकडं बोलणं थांबायचं. सुरेखा मात्र थांबायची नाही. "सासू म्हातारी, डोक्यानं अधू, आणि ही डोळे मिटून वर. शहरात गेलं की असली थेरं सुचतात." एक चुलत सासू म्हणाली, "देवाचं नाव घेत असंल बिचारी." सुरेखा म्हणाली, "देवाचं नाय काकू. स्वतःचंच. तिथं शिकवतात म्हणं, तुम्ही जशा आहात तशा चांगल्या आहात." सगळ्या हसल्या. तेराव्याच्या मांडवात. रामेश्वर चार हात अंतरावर पत्रावळी मोजत होता. त्यानं मान वर केली नाही.

बजाजनगरात परत आल्यावर दीपमाला गच्चीवर गेली नाही. कपडे खालीच दोरीवर वाळत घालायची. दुपारी साडेचार वाजले की घरात दुसऱ्याच कुठल्यातरी कामाला लागायची, डबे घास, जळमटं काढ. देवळामागचं ध्यानही बंद पडलं होतं. दोघी-तिघींच्या घरच्यांनी मनाई केली, मग बाकीच्यांनी आपणहून येणं सोडलं. आणि सत्यभामाबाई भेटायला आल्या नाहीत. गल्लीतला जो तो येऊन गेला, त्या आल्या नाहीत. दीपमालानं महिनाभर वाट पाहिली आणि मग स्वतःच त्यांच्या घरी गेली.

सत्यभामाबाई दार उघडून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "या."

चहा झाला.

"मी यायला निघाले होते," सत्यभामाबाई म्हणाल्या. "दोनदा. एकदा तुमच्या कोपऱ्यापर्यंत आले. पाय उचलला नाय. तुमच्या घरचे काय म्हणतील याची भीती वाटली. खरं सांगते, मी घाबरले."

"मला वाटलंच."

"आता खोटं कशाला बोलू. अशीच आहे मी. भित्री आहे, हे मला माहीत आहे. त्याच्याशी मी भांडत नाय."

दीपमालानं कप खाली ठेवला. "तुमचं बरं आहे. तुमची भीती तुम्हाला मान्य. तिला जवळ घेऊन तुम्ही इथं घरात बसलात. मी तिकडं मांडवात एकटी होते, बाई. तुम्ही एकदा येऊन नुसत्या शेजारी बसला असता तरी चाललं असतं."

सत्यभामाबाईंनी दोन्ही कप उचलून परत तिथंच ठेवले.

"मी गेटचा आवाज ऐकला होता," दीपमाला म्हणाली. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "ऐकला आणि जाऊ दिला. तुम्ही शिकवलं होतं तसा."

सत्यभामाबाईंनी डोळे पुसले. त्यांनी काही समजावलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं केलं. दीपमाला उठून आली. तिकडं जाताना तिला वाटलं होतं, निदान रडू येईल. तेही आलं नाही.

जूनमध्ये एक दिवस ती समोरच्या मोतीरामकडं इस्त्रीचे कपडे आणायला गेली. मोतीरामची टपरी त्यांच्या गेटच्या अगदी समोर. म्हातारा बोलका होता, पण त्या प्रकरणानंतर तिच्याशी जपून बोलायचा. त्या दिवशी कपड्यांची घडी घालता घालता तो म्हणाला, "भाभी, एक बात दिल में है. आजी रस्त्यावर गेल्या त्या दिवशी मी डिलिव्हरीला निघालो ना, तर तुमचं गेट सताड उघडं होतं. मी बंद करायला पाहिजे होतं. म्हटलं, साहेब आत्ताच तर आत गेलेत, येतील परत."

"साहेब आत गेले?"

"व्हय. फोनवर बोलत बाहेर उभे होते ना. कर्रकन गेट उघडून आले, पाच-दहा मिनिटं बोलले, तसंच टाकून आत गेले. मी सायकल काढली अन् गेलो. परत आलो तर हे सगळं." त्यानं कपड्यांवर हात फिरवला. "तुम्हाला सांगू का नको, लई दिवस चाललं होतं."

दीपमाला कपडे घेऊन घरी आली. गेटपाशी थांबली, आणि ते उघडून, परत लावून पाहिलं. गेट उघडतानाच आवाज करायचं. उघडं असलं की माणूस जावो नाहीतर जनावर जावो, चिटपाखरालाही कळायचं नाही. म्हणजे तिनं ऐकला तो आवाज आत्याबाईंचा नव्हता. ती तेव्हा उठून कठड्यापाशी आली असती, तर तिला खाली नवरा फोनवर बोलताना दिसला असता, आणि ती परत येऊन बसली असती.

तीन महिने ती त्या एका आवाजाखाली रोज दबून मरत होती.

रामेश्वर आला. तिनं चहा दिला, समोर बसली आणि विचारलं, "त्या दिवशी गेट तुम्ही उघडं ठेवलं होतं?"

त्यानं कप ओठाला लावलेला तसाच धरला. त्याला आठवावं लागलं नाही हे तिला दिसलं. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"कोण म्हणालं?"

"कोणी का म्हणेना."

"असंल ठेवलं," तो म्हणाला. "आता आई गेली. आता त्यानं काय फरक पडतो?"

"मग माझं नाव घेतलं तेव्हा काय फरक पडणार होता?"

"मी तुझं नाव कुठं घेतलं? तू वर होतीस, एवढंच म्हणालो. होतीसच की." आणि मग आवाज खाली आणून, "ती माझी आई होती दीपा. मी कसं सांगू लोकांना?"

तिला त्याची कीव आली. ती कीव चांगली नव्हती, आंबलेली होती. त्याला चारचौघांत तोंड दाखवता यावं म्हणून तिचं तोंड काळं झालेलं त्याला चाललं होतं, आणि तो अजून स्वतःला बिचाराच समजत होता.

आखाडात सुरेखा चार दिवस राहायला आली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं बसली होती. सुरेखानं आईचा फोटो पुसून परत खुंटीला लावला आणि नेहमीचं सुरू केलं. "आज असती तर दारात बसली असती. पण घरच्यांचं लक्ष पाहिजे ना. ध्यान लावून बसलं की कसलं लक्ष."

"ताई," दीपमाला म्हणाली. आवाज चढला नव्हता. "गेट कुणी उघडं टाकलं होतं, ते यांना विचारा."

सुरेखानं भावाकडं पाहिलं. रामेश्वर पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होता. पंखा फिरत होता. त्यानं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, दीपमालाची त्याचीही तयारी होती. तो काहीच बोलला नाही, आणि न बोलण्यातून सुरेखाला जे कळायचं ते कळलं. तिचा चेहरा क्षणभर उघडा पडला. मग तिनं पदर सावरला.

"जाऊ दे आता," ती म्हणाली. "झालं ते झालं. गेलेल्या माणसाच्या मागं काय उकरून काढायचं. त्यानं काय मुद्दाम केलं का?" आणि भावाकडं वळून, मऊ आवाजात, "तू जेवला का नीट? वाळलास किती."

दीपमाला दोघांकडं बघत राहिली. तिच्या वाट्याला चार महिने आले होते. त्याच्यासाठी सगळं एका वाक्यात मिटलं. तिला कुणी विचारलं नव्हतं, तू काय मुद्दाम केलं का.

ती उठली आणि जिना चढून वर गेली. मार्चनंतर पहिल्यांदाच. टाकीजवळ वाळलेली पानं आणि कबुतरांची घाण साचली होती. तिनं झाडलं नाही. जिथं कोरडं दिसलं तिथं भिंतीला टेकून बसली.

राग आला. आधी सुरेखाचा, मग रामेश्वरचा, मग सत्यभामाबाईंचा, मग परत रामेश्वरचा. तिनं रागाला जा म्हटलं नाही आणि शहाणपणही शिकवलं नाही. तो बराच वेळ होता. आणि तो जरा सरकला तेव्हा त्याच्या खालून वेगळंच काहीतरी वर आलं. दवाखान्यात पहाट होत होती, नर्सनं नळी काढली होती, आणि तिनं सासूबाईंचे डोळे मिटले होते. तेव्हा सगळ्यांत आधी काय वाटलं होतं, ते तिनं आजवर स्वतःलाही कळू दिलं नव्हतं. तिला हायसं वाटलं होतं. आता न्हाऊ घालायला नको, आता माहेरी जाता येईल, असं वाटलं होतं. दुःख मागून आलं, तेही खरं होतं. पण आधी हायसं वाटलं होतं.

हे सुरेखाला कळलं असतं तर तिनं गावभर केलं असतं. ज्या गुन्ह्याची शिक्षा ती भोगत होती तो तिचा नव्हताच, आणि जे तिचं होतं ते कुणाला माहीतच नव्हतं.

तिनं ते परत दाबलं नाही. मी अशी आहे, असं म्हणून तिला बरं वाटलं असंही झालं नाही. ते तिथं होतं आणि ती तिथं होती. खालून सुरेखाच्या बोलण्याचा बारीक आवाज येत होता, मधूनच रामेश्वरचा. दोघं तिच्याबद्दलच बोलत असावीत. तिनं कान दिला नाही. मांडी आखडली म्हणून तिनं दोन्ही पाय लांब पसरले आणि तशीच बसून राहिली.